जॅस्प : विनामूल्य संख्याशास्त्र आणि ०.०५ चा मोह

प्रबंध जमा करण्याची तारीख जवळ आली की आमच्या विभागात एक वाक्य वारंवार कानावर पडते: ‘मॅडम, सिग्निफिकंट येत नाहीये.’ सिग्निफिकंट म्हणजे निव्वळ योगायोगाचा वाटत नाही असा निकाल. या वाक्यातले क्रियापद लक्षात घेण्यासारखे आहे. पाऊस यावा, ताप यावा, तसे सिग्निफिकंटही ‘यायचे’ असते. आणि ते आले नाही, तर दोष एक तर कमी पडलेल्या रुग्णसंख्येचा, नाही तर ज्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे भरले त्याचा, असे विद्यार्थी धरून चालतात. अशा विद्यार्थ्यांना गेली काही वर्षे मी ‘जॅस्प’ हे सॉफ्टवेअर वापरायला लावते आहे. परिकल्पनांच्या, म्हणजे आकड्यांवर तपासून पाहायच्या विधानांच्या, चाचण्या करण्याचे साधन म्हणून ते कसे आहे, कुठे कामाला येते आणि कुठे वापरणाऱ्याला बेसावध करते, हे एकदा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

जॅस्प हे अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठातल्या एका गटाने विकसित केलेले, मुक्त स्रोत परवान्याखाली मिळणारे सॉफ्टवेअर आहे. त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत, आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर ते चालते. संख्याशास्त्राची महागडी पॅकेजे संस्थेच्या एखाद-दुसऱ्या संगणकावरच असतात आणि विद्यार्थ्याला त्या संगणकासमोर बसण्यासाठी पाळी लावावी लागते. त्यामुळे स्वतःच्या लॅपटॉपवर, घरी, रात्री अकरा वाजता काम करता येणे ही सोय लहान नाही. आकडेमोडीचा बराचसा भाग आतल्या आत ‘आर’ या संख्याशास्त्रीय भाषेत होतो, पण वापरणाऱ्याला आज्ञावलीची एकही ओळ लिहावी लागत नाही. डावीकडे विदेचा (डेटाचा) तक्ता, मध्ये पर्यायांच्या चौकटी आणि उजवीकडे निकाल, अशी सरळ मांडणी असते. एखाद्या चौकटीत टिचकी मारली की उजवीकडचा निकाल जागच्या जागी बदलतो. हा गुण फार मोठा आहे, आणि माझी मुख्य तक्रारही त्याच्याविषयीच आहे.

नावामागे एक गोष्ट आहे. या इंग्रजी आद्याक्षरांचा विस्तार ‘जेफ्रीज यांचा अद्भुत संख्याशास्त्र प्रोग्रॅम’ असा काहीसा होतो. हे जेफ्रीज म्हणजे केंब्रिजचे भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरॉल्ड जेफ्रीज. १९३० च्या दशकात संभाव्यतेच्या अर्थावरून त्यांचा आणि रोनाल्ड फिशर यांचा चांगलाच वाद रंगला होता. मराठी वाचकाला जवळचा वाटेल असा दुवा म्हणजे कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार. त्यांनी केंब्रिजला याच जेफ्रीज यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली आणि पुढे पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राच्या विभागाची पायाभरणी केली. पुण्यात संख्याशास्त्र शिकलेल्यांच्या गुरुपरंपरेत जेफ्रीज असे आधीपासूनच आहेत. सॉफ्टवेअरच्या निमित्ताने त्यांचे नाव पुन्हा आपल्याकडे आले, इतकेच.

कोणत्याही संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरचे परीक्षण स्वतःच्या आकड्यांवर करू नये, कारण तिथे आपले लक्ष निकालाच्या आशेने विचलित झालेले असते. जॅस्पसोबत नमुना विदासंचांचे एक ग्रंथालयच येते. त्यातल्या टी-चाचणीच्या विभागात ‘डायरेक्टेड रीडिंग अ‍ॅक्टिव्हिटीज’ नावाचा संच आहे आणि मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला तोच उघडायला सांगते. अमेरिकेतल्या तिसरीच्या मुलांचा हा संच आहे. २१ मुलांच्या एका वर्गाला आठ आठवडे वाचनाचे खास उपक्रम दिले, २३ मुलांच्या दुसऱ्या वर्गाने नेहमीचाच अभ्यास केला, आणि शेवटी दोन्ही वर्गांची वाचनचाचणी घेतली. उपक्रम मिळालेल्या वर्गाची सरासरी ५१.४८ आणि दुसऱ्या वर्गाची ४१.५२, म्हणजे जवळजवळ दहा गुणांचा फरक.

आता शून्य परिकल्पना अशी की उपक्रमांनी काहीही फरक पडत नाही आणि हे दहा गुण निव्वळ योगायोगाचे आहेत. टी-चाचणीच्या मेनूतून दोन स्वतंत्र गटांची चाचणी निवडली, गुणांचा रकाना एका चौकटीत आणि गटाचा रकाना दुसऱ्या चौकटीत ओढून टाकला, की डोळ्याचे पाते लवण्याआधी तक्ता तयार होतो: टी उणे २.२६७, स्वातंत्र्यमात्रा ४२ (एकूण ४४ मुलांतून दोन गटांचे दोन वजा), पी-मूल्य ०.०२९. उणे चिन्ह पाहून विद्यार्थी हमखास दचकतात. गटांची नावे वर्णानुक्रमे घेतल्यामुळे ‘कंट्रोल’ हा गट आधी आला आणि वजाबाकी उलट झाली, एवढाच त्याचा अर्थ आहे. ही टी-चाचणी विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने मांडली. ते डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात नोकरीला होते, आणि थोड्याशा नमुन्यांवरून मालाविषयी निर्णय घेणे हा त्यांचा रोजचा प्रश्न होता. लहान नमुन्यांचे हे गणित आज आपल्याकडच्या ३०-३० रुग्णांच्या प्रबंधांना उपयोगी पडते आहे, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

आता ०.०२९ म्हणजे काय? उपक्रमांचा काहीही परिणाम होत नसता आणि चाचणीची बाकीची गृहीतके खरी असती, तर इतका किंवा याहून मोठा फरक १०० पैकी साधारण ३ वेळा निव्वळ योगायोगाने दिसला असता. पी-मूल्य एवढेच सांगते. ‘शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता ३ टक्के आहे’ हा त्याचा अर्थ नाही, आणि ‘उपक्रम ९७ टक्के परिणामकारक आहेत’ हा तर मुळीच नाही. पण तोंडी परीक्षेत या दोन्हींपैकी एक उत्तर ऐकल्याशिवाय माझा दिवस जात नाही. अमेरिकेतल्या संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेला २०१६ मध्ये पी-मूल्याविषयी खास निवेदन काढावे लागले, आणि त्यातही हा गैरसमज स्पष्ट शब्दांत खोडून काढला आहे. म्हणजे हा घोटाळा फक्त आपल्याकडचा नाही.

मराठीत या घोटाळ्याला भाषेचीही मदत होते, असे मला वाटते. ‘सिग्निफिकन्स’साठी आपण ‘सार्थकता’ हा शब्द रूढ केला. आता सार्थक म्हटले की कष्टाचे सार्थक, जन्माचे सार्थक असेच आठवते. तीन वर्षे रात्रपाळ्या करून जमवलेल्या प्रबंधाच्या तक्त्यात ‘असार्थक’ असे लिहायचे म्हटल्यावर विद्यार्थ्याचा चेहरा का पडतो, हे समजण्यासारखे आहे. प्रत्यक्षात त्या शब्दाने फक्त एवढेच सांगायचे असते की आधीच ठरवलेल्या मर्यादेपेक्षा पी-मूल्य खाली आले किंवा नाही. ती मर्यादा ०.०५ असावी हा काही निसर्गनियम नाही. १९२५ च्या आपल्या ग्रंथात फिशर यांनी ती सोयीची म्हणून सुचवली आणि ती पुढे पोथीतल्या वचनासारखी चिकटली. येझी नेमन आणि एगॉन पिअर्सन यांनी १९३३ मध्ये दोन परिकल्पनांमधून निवड करण्याची वेगळी, अधिक काटेकोर चौकट उभी केली. त्या चौकटीत चुकीची किंमत आधी ठरवून मगच प्रयोगाला हात घालायचा असतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत या दोन्ही विचारांची खिचडी होऊन बसली आहे, आणि कोणतेही सॉफ्टवेअर ती वेगळी करून देत नाही.

पुन्हा जॅस्पकडे. पी-मूल्याच्या जोडीला हे सॉफ्टवेअर जे दाखवू शकते, ते मागणारे विद्यार्थी फार थोडे. परिणामाचे आकारमान मागितले तर कोहेन यांचा डी, म्हणजे गुणांच्या विखुरणीच्या (प्रमाण विचलनाच्या) पटीत मोजलेला फरक, ०.६८ च्या आसपास येतो. फरकाचा ९५ टक्के विश्वास अंतराल, म्हणजे विदेशी सुसंगत ठरणाऱ्या फरकांचा पट्टा, मागितला तर तो साधारण १ गुणापासून १९ गुणांपर्यंत पसरलेला दिसतो. या अंतरालाकडे पाहिले की ०.०२९ चा तोरा बराच उतरतो, कारण एका गुणाने वाचन सुधारणारा उपक्रम आणि एकोणीस गुणांनी सुधारणारा उपक्रम यांत शाळेच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. इतक्या लहान नमुन्यावरून यांपैकी नेमके काय खरे, ते सांगता येत नाही. हे दोन्ही पर्याय आरंभीच निवडलेले असायला हवे होते. आज ते वापरणाऱ्याने शोधून निवडावे लागतात, आणि जे शोधावे लागते ते घाईत राहून जाते.

याच ठिकाणी वोव्क आणि सेल्के यांच्या नावाने एक छोटी चौकट आहे. ती निवडली की पी-मूल्याशेजारी आणखी एक आकडा उमटतो: पर्यायी परिकल्पनेच्या, म्हणजे ‘फरक पडतो’ या विधानाच्या, बाजूने हा पुरावा जास्तीत जास्त किती पट असू शकतो, याची वरची मर्यादा. आपल्या ०.०२९ साठी ती साधारण ३.६ येते. बरोबर ०.०५ असेल तर ती केवळ २.४६ आणि ०.०१ असेल तर ८ भरते. विसात एक असा दिमाख मिरवणाऱ्या ०.०५ चे वजन पुराव्याच्या तराजूत फार तर अडीच पट निघते, हे एका टिचकीत समोर येते तेव्हा वर्गात शांतता पसरते. ही एक चौकट शिकवण्यासाठी माझे दोन तास वाचवते, आणि केवळ तेवढ्यासाठीसुद्धा मी हे सॉफ्टवेअर वापरले असते.

जेफ्रीज यांचा खरा वारसा बेजियन विभागात, म्हणजे आधीचा अंदाज विदेच्या आधारे सुधारत नेणाऱ्या पद्धतीच्या विभागात आहे. तीच चाचणी तिथे केली तर निकाल बेज फॅक्टरच्या रूपात येतो, म्हणजे हाती आलेली विदा शून्य परिकल्पनेपेक्षा पर्यायी परिकल्पनेशी किती पट अधिक जुळते, हे तो सांगतो. वाचनाच्या संचासाठी हा आकडा २.२ च्या आसपास येतो, आणि एक ते तीन या पट्ट्यातल्या पुराव्याला फारसे महत्त्व देऊ नये, असा जेफ्रीज यांच्यापासून चालत आलेला संकेत आहे. एकाच विदेवर अभिजात (पी-मूल्याची) चाचणी ‘सार्थक’ म्हणते आणि बेजियन चाचणी ‘अजून काही सांगवत नाही’ म्हणते, हे शेजारी-शेजारी पाहायला मिळणे मला अतिशय मोलाचे वाटते. शिवाय पूर्वानुमानाची, म्हणजे विदा पाहण्याआधी परिणामाविषयी धरलेल्या अंदाजाची, रुंदी बदलली तर उत्तर कितपत डळमळते, याचा आलेखही एका चौकटीत मिळतो. पूर्वानुमान कोणी निवडले, हा प्रश्न मात्र उरतोच. सॉफ्टवेअरने स्वतःहून निवडलेली ०.७०७ रुंदीची कॉशी वितरणाची मोजपट्टी बहुतेक जण तशीच ठेवतात आणि ती का ठेवली याचे कारण देत नाहीत. ०.०५ चे देव्हारे हलवून तिथे ०.७०७ ची स्थापना करण्यात काही हशील नाही.

शून्य परिकल्पनेच्या बाजूने पुरावा मोजता येणे हा या विभागाचा आणखी एक फायदा आहे. ग्रंथालयातला ‘किचन रोल्स’ हा संच त्यासाठी पाहावा. कागदी रुमालाची गुंडाळी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवली की माणसाचा नव्या अनुभवांविषयीचा मोकळेपणा वाढतो, असा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. अ‍ॅम्स्टरडॅमच्या गटाने विश्लेषणाचा आराखडा आधीच जाहीर करून तो प्रयोग पुन्हा केला, तेव्हा परिणाम दिसला नाही. अभिजात चाचणी इथे फक्त ‘शून्य परिकल्पना फेटाळता आली नाही’ एवढेच म्हणते, पण बेज फॅक्टर परिणाम नसल्याच्या बाजूने चांगला ठाम कौल देतो. ‘पुरावा नाही’ आणि ‘नसल्याचा पुरावा आहे’ यांतला फरक शब्दांनी समजावताना माझी दमछाक होते. हा संच उघडला की तो फारसे न बोलता समजतो.

आता तक्रार. वाचनाच्या संचाकडे परत या आणि पर्यायी परिकल्पना दुतर्फा ऐवजी एकतर्फी करा, म्हणजे फरक कोणत्याही दिशेचा न धरता फक्त वाढीचा धरा. तक्ता क्षणात बदलतो आणि पी-मूल्य ०.०२९ चे ०.०१४ होते. समान विचरणाचे, म्हणजे दोन्ही गटांतले गुण सारखेच विखुरलेले असल्याचे, गृहीतक सोडून वेल्च यांची पद्धत निवडली तर ०.०२६. बेजियन बाजूलाही हेच: एकतर्फी चाचणी केली की २.२ चे सव्वाचारच्या आसपास होते आणि ‘फारसे महत्त्व देऊ नये’ या पट्ट्यातून निकाल अलगद वरच्या पट्ट्यात चढतो. यातली कोणतीही निवड मुळात अयोग्य नाही. परिणामाची दिशा आधीपासून ठरलेली असेल तर एकतर्फी चाचणी रास्त आहे, आणि दोन गटांची प्रमाण विचलने ११ आणि १७ असताना वेल्चची पद्धतच मी सुचवीन. अडचण अशी की या निवडी उत्तर दिसायच्या आधी करायच्या असतात, आणि इथे उत्तर कायम डोळ्यांसमोर असते. पूर्वी आज्ञावली लिहा, चालवा, कागदावर छापून घ्या, या खटाटोपात मोहाला थोडा अडसर असायचा. जॅस्पने तो अडसर काढून टाकला आहे. चौकटी उघड-बंद करत करत ०.०६ चे ०.०४ कसे होते, हे विद्यार्थी पंधरा मिनिटांत शिकतात, आणि आपण काही गैर करतो आहोत असे त्यांना वाटतही नाही.

सहसंबंधांच्या कोष्टकात हा धोका सर्वांत जास्त आहे. पंधरा चल (वय, वजन अशा मोजलेल्या बाबी) एका चौकटीत ओढले की १०५ सहसंबंध एकदम समोर येतात, आणि सार्थक आकड्यांवर तारे लावण्याचा पर्यायही आहे. कोणत्याही दोन चलांत काहीही नाते नसले, तरी ०.०५ च्या मर्यादेने सरासरी पाचेक तारे चमकणारच. स्वतंत्र अशा वीस चाचण्या केल्या तर त्यांतली एक तरी योगायोगाने सार्थक ठरण्याची शक्यता ६४ टक्के असते. काही वर्षांपूर्वी एका प्रबंधाचे परीक्षण करताना अशाच एका तारांकित जोडीवर अख्खे चर्चेचे प्रकरण उभारलेले मी वाचले. उरलेल्या जोड्यांचा उल्लेख परिशिष्टातही नव्हता. मानसशास्त्रातले शंभर प्रसिद्ध प्रयोग पुन्हा करून पाहण्याचा मोठा प्रकल्प २०१५ मध्ये प्रकाशित झाला. त्यात मूळच्या ९७ टक्के अभ्यासांत निकाल सार्थक होते, पुन्हा करताना ते प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. त्या घसरणीमागे अनेक कारणे आहेत, पण उत्तर पाहून प्रश्न ठरवण्याची सवय त्यांतले एक नक्कीच आहे.

‘०.०६ आलेय, अजून पाच केसेस घेऊ का?’ हा प्रश्नही याच जातीचा. विदा जमत असताना पाच वेळा डोकावून पाहिले आणि ०.०५ च्या खाली जाताच थांबायचे ठरवले, तर चुकीच्या सार्थकतेचा धोका ५ टक्क्यांवरून सुमारे १४ टक्क्यांवर जातो. जॅस्पमधली फाइल नव्या नोंदींसह लगेच अद्ययावत होते, त्यामुळे हे डोकावणे अगदी सहज होऊन बसते. इथे एखादी सूचना तरी झळकायला हवी होती.

आणखी एक गोष्ट कोणतेच सॉफ्टवेअर विचारत नाही, आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वाचनाच्या त्या प्रयोगात उपक्रम मिळालेली २१ मुले एकाच वर्गातली होती आणि न मिळालेली २३ दुसऱ्या एकाच वर्गातली. मग दहा गुणांचा फरक उपक्रमांचा, की त्या वर्गाच्या बाईंचा, की आधीपासूनच हुशार मुले एका तुकडीत असल्याचा? टी-चाचणीला ४४ स्वतंत्र मुले दिसतात. प्रयोगाच्या दृष्टीने मात्र प्रत्येक बाजूला एकच वर्ग आहे. पी-मूल्य ०.०२९ असो की ०.०००१, या शंकेवर त्याचा काडीइतका परिणाम होत नाही. जॅस्पच्या नमुना संचातच हे उदाहरण आहे, पण उघडणारा जोवर स्वतः हा प्रश्न विचारत नाही तोवर पडद्यावर त्याची खूणही दिसत नाही. गृहीतके तपासण्याच्या चौकटीत विचरणांच्या समानतेची आणि वितरण प्रसामान्य (घंटेच्या आकाराचे) असल्याची चाचणी मिळते, आणि त्या दोन टिचक्या मारल्या की सगळी गृहीतके तपासून झाली असा समज होतो. निरीक्षणे परस्परांपासून स्वतंत्र आहेत का, यासाठी टिचकी नाही. ती असूही शकत नाही, हे मान्य, पण एक ओळ लिहिता आली असती.

किरकोळ बाबी थोडक्यात. तक्ते थेट वर्ड फाइलमध्ये चिकटवता येतात आणि ते नीटनेटके दिसतात. एक्सेलमधली विदा सीएसव्ही रूपात जतन करून उघडावी, आणि एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या विकतच्या पॅकेजची जुनी फाइलही चालते. एखादा रकाना संख्यात्मक आहे की वर्गवारीचा, हे सॉफ्टवेअर स्वतःच ठरवते आणि कधीकधी चुकते, म्हणून रकान्याच्या शीर्षकाजवळचे चिन्ह आधी तपासावे. विस्कटलेली विदा साफ करण्याचे काम इथे करू नये, ते तक्त्याच्या सॉफ्टवेअरमध्येच उरकावे. नमुना किती मोठा हवा याची आकडेमोड विद्यार्थ्यांनी विदा गोळा करण्याआधीच करावी; मी त्यासाठी जर्मनीतल्या ड्युसेलडोर्फ विद्यापीठाचे जी-पॉवर हे जुने, विनामूल्य साधन वापरायला सांगते.

पहिल्यांदाच परिकल्पना चाचणी करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला मी जॅस्प निःशंकपणे सुचवीन. रोज शेकडो चाचण्या करणाऱ्या संशोधकाने मात्र ‘आर’ शिकून घ्यावे, कारण लिहिलेल्या आज्ञावलीत आपण काय काय करून पाहिले याचा माग राहतो. एक सोय मात्र जॅस्पमध्ये अशी आहे की तिचा उपयोग करणारे मला अजून थोडेच भेटले. निकालांच्या पानावर कोणत्याही तक्त्याच्या वर स्वतःची टीप लिहिता येते, आणि विदा, निवडलेले पर्याय, टिपा व निकाल हे सगळे एकाच फाइलमध्ये जतन होते. आमच्या विभागात आता नियम असा आहे की पहिली टीप विदेची एकही नोंद भरण्याआधी लिहायची: परिकल्पना कोणती, चाचणी कोणती, एकतर्फी की दुतर्फा, रुग्ण किती. ती फाइल त्याच दिवशी मला ईमेलने पाठवायची. मागच्या तुकडीतल्या एका मुलीचे पी-मूल्य ०.११ आले. तिने ती टीप तशीच ठेवली, खाली विश्वास अंतराल लिहिला आणि फाइल प्रबंधासोबत परीक्षकांना दिली. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी सर्वांत जास्त वेळ त्या अंतरालावर प्रश्न विचारले.